चँडेल, लेझी एट आणि उजवा पाय: अमेरिकेत कमर्शियलची मॅन्युव्हर्स शिकताना

प्रायव्हेटचा (खासगी वैमानिकाचा) परवाना हातात आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी) झालंय आणि आता शाळेच्या वेळापत्रकात तुमच्या नावापुढे ‘कमर्शियल मॅन्युव्हर्स’, म्हणजे व्यावसायिक परवान्यासाठी विमान वळवण्या-चढवण्याचे ठरलेले प्रकार, असं दिसायला लागलंय. इथवर आलेली आपली बरीच मुलं पहिल्या आठवड्यात गोंधळतात. तोपर्यंत शिकवलेलं असतं की उंची धरा, वेग धरा, दिशा धरा. इथे मात्र एकही काटा जागेवर राहत नाही, आणि राहिला तर तुमचं चुकतंय असं इन्स्ट्रक्टर सांगतो.

मी हे अ‍ॅरिझोनात, फीनिक्सच्या उत्तरेला डीअर व्हॅली विमानतळावरून, जी-१००० (काट्यांऐवजी पडदे असलेली यंत्रणा) बसवलेल्या सेसना १७२एस विमानात शिकले. त्यामुळे खालचे वेग त्याच विमानाचे आहेत. तुमचं पायपर असेल तर त्याच्या पीओएचमधले (विमानाच्या माहितीपुस्तकातले) आकडे घ्या. बारामती, धुळे, गोंदियाकडे शिकणाऱ्यांना यातले स्टीप टर्न (तीव्र वळण), स्टॉल (पंखांची उचल तुटणं) आणि इंजिनाविना उतरणं जसंच्या तसं लागू पडेल. चँडेल (चढत घेतलेलं १८० अंशांचं वळण) वगैरे मंडळी मुख्यतः एफएए, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या परीक्षेची.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. या कसरती नाहीत. वेग देऊन उंची कशी घ्यायची, उंची देऊन वेग कसा परत मिळवायचा आणि हे चालू असताना नजर कुठे ठेवायची, एवढंच तपासतात. त्यातलं निम्मं जमिनीवर शिकता येतं, आणि जमिनीवर हॉब्ज मीटर (विमानाच्या भाड्याचे तास मोजणारं) फिरत नाही.

१. कागद आणि सामान

व्हिसा आणि टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेची) सुरक्षा मंजुरी तुम्ही प्रायव्हेटच्या वेळीच उरकलेली असणार. आता लागतं ते असं:

- पासपोर्ट, एफएए परवाना, मेडिकल सर्टिफिकेट
- कमर्शियलच्या लेखी परीक्षेचा निकाल (१०० प्रश्न, ७० टक्क्यांना पास, २४ महिने चालतो)
- आयएसीआरए (एफएएचं ऑनलाइन अर्जांचं पोर्टल) खातं आणि त्यातला एफटीएन, म्हणजे एफएएचा ओळख क्रमांक
- लॉगबुक, शक्यतो कागदी आणि डिजिटल दोन्ही
- एफएएचं कमर्शियल एसीएस, म्हणजे परीक्षेचे निकष. एफएएच्या साइटवर फुकट मिळतं. तिथेच एअरप्लेन फ्लाइंग हँडबुकही आहे. त्यातलं परफॉर्मन्स मॅन्युव्हर्सचं प्रकरण छापून घ्या.
- तुमच्याच विमानाचं पीओएच. मित्राच्या शाळेतल्या विमानाचं चालणार नाही. १७२चे पी, आर, एस असे बरेच अवतार आहेत आणि आकडे वेगळे आहेत.
- पातळ तळाचे बूट. जाड सोलच्या स्पोर्ट्स शूजमधून रडर (पायांनी चालणारं शेपटीचं सुकाणू) कळत नाही.
- ज्यांना गाडीत मळमळतं त्यांनी खिशात आलेपाक ठेवा. लेझी एट लागोपाठ केले की भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. उपाशी पोटीही जाऊ नका.

नावाचं तेवढं बघा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तिहेरी पद्धत. पासपोर्टवर जे आणि जसं आहे तेच आयएसीआरएवर, मेडिकलवर, लेखी परीक्षेच्या नोंदणीत आणि पुढे डीजीसीएच्या (भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) ईजीसीए पोर्टलवर असू द्या. एका ठिकाणी मधलं नाव गळलं की चेकराईडच्या (प्रत्यक्ष उड्डाण परीक्षेच्या) सकाळी धावपळ होते.

तासांचंही एक गणित आहे. पार्ट ६१ने (एफएएच्या मोकळ्या प्रशिक्षण नियमाने) जाणाऱ्याला अमेरिकेत एकूण २५० तास लागतात. पार्ट १४१च्या (मंजूर अभ्यासक्रमाच्या) शाळेत त्याहून कमी चालतात. त्यातले १० तास कॉम्प्लेक्स (चाकं आत ओढली जाणाऱ्या) किंवा ‘टेक्निकली अ‍ॅडव्हान्स्ड’ विमानात हवेत. २०१८पासून जी-१००० आणि ऑटोपायलट असलेलं १७२ यात धरतात. तेव्हा आत ओढल्या जाणाऱ्या चाकांचं महागडं विमान घ्याच असा कोणी आग्रह धरला, तर कारण विचारा.

२. खुर्चीत बसून उडवा

इंग्रजीत याला चेअर फ्लाइंग म्हणतात आणि बहुतेक जण ते लाजून टाळतात. लाजू नका. रूममेट हसतील, हसू दे.

भिंतीसमोर खुर्ची ठेवा. भिंतीवर चिकटपट्टीची आडवी रेघ मारा, ते क्षितिज. रेघेवर पाच खुणा करा: ०, ४५, ९०, १३५, १८० अंश. आता चँडेल तोंडाने म्हणत करा. ‘वेग ९५. बँक ३०. नोज वर. थ्रॉटल पूर्ण. उजवा रडर...’ (बँक म्हणजे पंखांचा कल, अंशांत; नोज म्हणजे विमानाचं नाक; वेग नॉटमध्ये.) हात खरोखर हलले पाहिजेत, पाय खरोखर दाबले पाहिजेत. मनातल्या मनात केलेल्या सरावात पाय कधीच हलत नाहीत, आणि विमानातही मग ते हलत नाहीत.

प्रत्येक मॅन्युव्हरसाठी एक छोटं कार्ड बनवा: शिरण्याचा वेग, पॉवर, कमीत कमी उंची, मधले टप्पे, संपताना काय दिसलं पाहिजे, एसीएसची मर्यादा. शाळेचं तयार कार्ड मिळतं, पण स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं डोक्यात बसतं. मराठीत लिहिलंत तरी कोण अडवतंय!

आणि इन्स्ट्रक्टरला सांगा की प्रत्येक नवं मॅन्युव्हर आधी फळ्यावर होऊ द्या. इंजिन चालू करून टॅक्सीवेवर रांगेत उभं असताना ‘आज आपण लेझी एट करूया, तर लेझी एट म्हणजे...’ असं सुरू झालं तर त्या व्याख्यानाचे पैसे तुम्ही विमानाच्या दराने भरताय. डीअर व्हॅलीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर ती रांग लांबते.

३. जागा, वेळ, उंची

अ‍ॅरिझोनात एक सोय फार चांगली आहे. शहराच्या पश्चिमेला बकआयकडच्या शेतांमध्ये रस्ते बरोबर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, एकेका मैलावर आखलेले दिसतात. जुन्या सरकारी मोजणीचे चौकोन ते. रस्त्यावर विमान आडवं धरलं की ९० आणि १८० अंशांच्या खुणा आपोआप मिळतात. हेडिंगकडे बघायची गरजच नाही. लेक प्लेझंटच्या बाजूला गेलात तर डोंगर आणि तलावाचा काठ वापरा.

फक्त पश्चिमेला ल्यूक हवाई तळ आहे. त्याच्याभोवती आखलेल्या हद्दीत सोमवार ते शुक्रवार दिवसा ल्यूक अप्रोचशी बोलल्याशिवाय शिरायचं नाही. आत एफ-३५ सराव करत असतात. दक्षिणेला फीनिक्सचं क्लास बी (मोठ्या विमानतळाभोवतीची, परवानगीशिवाय न शिरायची हद्द) आहेच. निघण्याआधी नकाशावर सरावाची जागा पेनाने आखा आणि बाजूच्या हद्दी मोठ्याने वाचा.

उन्हाळ्यात पहाटेची वेळ मिळवा, त्यासाठी विमानं वाटून देणाऱ्या डिस्पॅचच्या खिडकीशी गोड बोला. डीअर व्हॅलीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १४७८ फुटांवर आहे. पारा ४० अंशांवर गेला की हवेच्या घनतेच्या हिशेबात ती ४८०० फुटांच्या आसपास जाते, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर. मग पूर्ण थ्रॉटल देऊनही चँडेलमध्ये विमान चढत नाही आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. शिवाय दहानंतर जमीन तापून हवा उसळायला लागते आणि १०० फुटांची मर्यादा पाळणं हा नशिबाचा खेळ होतो. जून मध्यापासून सप्टेंबरअखेर तिथला मान्सून. दुपारनंतर वादळं आणि धुळीच्या भिंती. पावसाळा म्हटल्यावर आपल्याला बरं वाटतं, तसलं काही मनात आणू नका.

उंचीचे नियम थोडक्यात: परफॉर्मन्स मॅन्युव्हर्स (एट्स ऑन पायलॉन्स सोडून) आणि साधे स्टॉल जमिनीपासून १५०० फुटांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, अ‍ॅक्सिलरेटेड स्टॉल ३०००च्या खाली नाही. हे जमिनीपासूनचे फूट आहेत. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनचे दाखवतो, तेव्हा तिथली जमीन किती वर आहे ते मिळवा. आणि प्रत्येक मॅन्युव्हरआधी दोन्हीकडे वळून आकाश मोकळं आहे का बघा. परीक्षक याच्यावर टपून असतो.

४. उजवा पाय

या टप्प्यात तुमच्या कानावर सर्वांत जास्त पडणारे शब्द म्हणजे ‘मोर राइट रडर’. अमेरिकेत ते टी-शर्टवरसुद्धा छापतात.

कारण साधं आहे. वेग कमी, पॉवर जास्त आणि नोज वर असलं की प्रोपेलरमुळे विमान डावीकडे ओढलं जातं. क्रूझमध्ये हे जाणवत नाही. चँडेलच्या शेवटी वेग पन्नाशीत येतो, थ्रॉटल पूर्ण उघडलेलं असतं आणि तेव्हा उजवा पाय चांगला दाबावा लागतो.

टाच जमिनीला, पंजा पेडलवर. पेडलला लाथ मारू नका, दाब वाढवत न्या. जुन्या विमानांत घसरण दाखवणारा चेंडू असतो, जी-१०००वर तो नसतो. वरच्या त्रिकोणाखाली एक छोटी पट्टी असते आणि ती ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचा पाय दाबायचा. पण तिच्याकडे टक लावून बसलात तर बाहेरचं क्षितिज सुटतं. त्यापेक्षा बसायच्या जागेवर लक्ष ठेवा. शरीर सीटमध्ये एका बाजूला सरकतंय असं वाटलं की रडर चुकलंय. माझा इन्स्ट्रक्टर पीएफडीवर (समोरच्या मुख्य पडद्यावर) कागद लावायचा आणि मी कुठल्या कुशीला कलते आहे ते विचारायचा. पहिल्यांदा राग येतो, पण दुसऱ्या फ्लाइटपासून फरक कळायला लागतो.

५. स्टीप टर्न

प्रायव्हेटमध्ये ४५ अंश केले होते, इथे ५०. पाच अंशांनी काय फरक पडतो? ४५ला भार १.४१ पट, ५०ला १.५६ पट. स्टॉलचा वेग चौथाईने वाढतो; सपाट उड्डाणात ४८ नॉटला स्टॉल होणारं १७२एस इथे ६०च्या आसपास होतं.

शिरताना वेग ९५, म्हणजे मॅन्युव्हरिंग स्पीडच्या (ज्याच्या आत जोरात ओढलं तरी विमानाच्या सांगाड्याला धोका नसतो त्या वेगाच्या) आत. ही मर्यादा वजनाप्रमाणे बदलते: १७२एसला २५५० पौंडांवर १०५ नॉट, २२०० पौंडांवर ९८, १९०० पौंडांवर ९०. हलकं विमान म्हणजे कमी वेग, हे उलटं वाटतं म्हणून परीक्षक हमखास विचारतो.

बँक ३० ओलांडताना थोडी पॉवर वाढवा, मागे ओढायला लागा, हवं तर ट्रिमचं चाक एक-दोनदा मागे फिरवा. नोज आणि क्षितिज यांच्यातलं अंतर डोळ्यांत साठवा. आपण डाव्या सीटवर बसतो, त्यामुळे डावीकडे वळताना नोज वर गेल्यासारखं आणि उजवीकडे वळताना खाली गेल्यासारखं दिसतं. विमानाच्या मध्यभागाकडे न बघता स्वतःच्या डोळ्यांसमोरचा एखादा बिंदू धरलात तर हा भ्रम जातो. शाळेने परवानगी दिली तर काचेवर पुसता येणाऱ्या पेन्सिलीने तिथे एक टिंब काढा.

उंची जायला लागली तर नुसतं मागे ओढू नका. आधी बँक दोन-तीन अंश कमी करा, मग ओढा. नाहीतर वळण आवळत जातं आणि उंची आणखी पडते. बाहेर येताना बँकेच्या निम्मे, म्हणजे २५ अंश आधी सुरुवात करा. सरळ होताना पोटातून उसळी आल्यासारखं विमान वर जातं. तेव्हा योक (हातातलं सुकाणू) पुढे ढकलायची तयारी ठेवा. मर्यादा: उंची १०० फूट, वेग १० नॉट, बँक ५ अंश, दिशा १० अंश.

६. चँडेल

१८० अंश वळायचं आणि त्यात जास्तीत जास्त उंची कमवायची. किती फूट मिळाले याला गुण नाहीत. रीत पाहतात.

पहिले ९० अंश बँक ३०वर कायम, नोज हळूहळू वर. पुढचे ९० अंश नोज कायम, बँक हळूहळू शून्यावर. १८०ला पोचाल तेव्हा पंख सपाट, वेग स्टॉलच्या जरा वर, आणि तो क्षणभर तसाच धरायचा. मग उंची न गमावता नोज हळूच खाली.

मुलं अडकतात ती दुसऱ्या भागात. नोज ‘कायम’ ठेवायचं म्हणजे हात कायम ठेवायचा नव्हे. वेग पडतोय, एलेव्हेटरची (शेपटीवरच्या, नोज वर-खाली करणाऱ्या पट्टीची) ताकद घटतेय, म्हणून नोज तिथेच ठेवायला मागची ओढ वाढवत न्यावी लागते. हात स्थिर ठेवलात तर नोज खाली येतं आणि १८०ला वेग ७० उरतो. परीक्षकाला ते लगेच दिसतं.

आता डावं आणि उजवं चँडेल वेगवेगळं का वाटतं ते. डाव्या चँडेलमधून सरळ होताना डावं एलेरॉन (पंखाच्या कडेची, कल देणारी पट्टी) खाली जातं, त्याचा अवरोध नोजला डावीकडे ओढतो, आणि प्रोपेलरही डावीकडेच ओढत असतो. दोघांची बेरीज, म्हणून उजवा पाय भरपूर. उजव्या चँडेलमधून सरळ होताना एलेरॉन उजवीकडे ओढतं आणि प्रोपेलर डावीकडे. दोघांचं बरंचसं परस्पर मिटतं. तिथे सवयीने उजवा पाय दाबलात तर चुकलं. म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या शिका. मी तर कार्डंही दोन केली होती.

७. लेझी एट

१८० अंश वळता वळता आधी चढायचं, मग उतरायचं, आणि लगेच दुसऱ्या बाजूला तेच. पुस्तकातली आकृती बघून हे कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आकृती विसरा, झोपाळा आठवा: टोकाला गेला की संथ, खाली आला की वेगात, आणि कुठेच धक्का नाही.

टप्पे असे. ४५ अंशांवर नोज सर्वांत वर, बँक १५. ९० अंशांवर बँक ३०, वेग सर्वांत कमी, उंची सर्वांत जास्त आणि नोज क्षितिजातून खाली उतरत असतं. १३५वर नोज सर्वांत खाली, बँक परत १५. १८०वर पंख सपाट, आणि उंची व वेग सुरुवातीचाच. लगेच दुसरीकडे. पॉवरला हात लावायचा नाही.

सगळ्यांचं एकच बिघडतं: घाई. सुरुवातीला बँक भराभर दिली की नोज वर पोचायच्या आत ४५चा टप्पा निघून जातो आणि मग बाकी सगळं खेचाखेचीने. सुरुवात नोजने करा, बँक त्याच्या मागून रेंगाळत येऊ दे. वेग जास्त असतो तेव्हा योक किंचित हलवला तरी पुरतं, वर वेग कमी असतो तेव्हा बराच हलवावा लागतो. रस्त्यांचे चौकोन इथे कामाला येतात: पंखाच्या टोकापलीकडे एखादा रस्ता किंवा डोंगर धरा, तो तुमची ९०ची खूण.

१८०ला सुरुवातीपेक्षा खाली पोचत असाल तर १३५ला नोज जास्त पडतंय. वर पोचत असाल तर पुरेसं पडत नाहीये. प्रत्येक अर्ध्यानंतर हे एवढंच तपासा आणि पुढच्यात दुरुस्त करा. मर्यादा १०० फूट, १० नॉट, १० अंश.

८. एट्स ऑन पायलॉन्स

जमिनीवर दोन खुणा निवडायच्या आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायचा, असा की पंखाकडे बघताना खूण तुमच्या नजरेच्या रेषेवर रोवल्यासारखी दिसेल. ही रेषा पंखाच्या टोकातूनच जाते असं नाही. सेसनात पंख वर, तुम्ही खाली. डोळ्यापासून पंखांना समांतर रेषा धरा.

खूण जागेवर राहण्याची एक ठरलेली उंची असते, पिव्होटल अल्टिट्यूड. जमिनीवरचा वेग नॉटमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ११.३ने भागा. १०० नॉटला ८८५ फूट, ९० नॉटला ७१७. जी-१०००वर ग्राउंड स्पीड दिसतोच. वारा पाठीशी असताना वेग वाढतो म्हणून वर जायचं, तोंडावर असताना खाली. बँक कितीही असली तरी ही उंची बदलत नाही, हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्षात सूत्र विसरलात तरी चालेल. खूण रेषेच्या पुढे सरकली तर योक पुढे, मागे सरकली तर योक मागे. खुणेच्या मागे योक जातो, बस्स. रडर दाबून खूण रेषेवर आणायचा मोह फार होतो. परीक्षक स्लिपची पट्टी बघत असतो, ती लबाडी लगेच पकडली जाते.

खुणा निवडण्यात वेळ घालवा. दोन्ही एकाच उंचीवरच्या हव्यात, दोन्हींना जोडणारी रेघ वाऱ्याला काटकोनात हवी, आणि मधे तीन ते पाच सेकंद सरळ उडायला मिळावं इतकं अंतर हवं. रस्त्यांचे चौक चांगले. एकटं झाड नको, दुसऱ्या फेरीत शेजारच्या झाडांत हरवतं. घरं, गुरं, माणसं टाळा; विरळ वस्तीतही माणूस, वाहन किंवा बांधकामापासून ५०० फूट दूर राहायचं असा नियम आहे. इतक्या खाली उडताय तर इंजिन बंद पडल्यास कुठे उतरणार ते आधी ठरवा. तोही प्रश्न येतो.

९. इंजिनाविना: स्टीप स्पायरल आणि पॉवर-ऑफ १८०

स्टीप स्पायरल म्हणजे जमिनीवरच्या एका बिंदूभोवती थ्रॉटल बंद करून निदान तीन पूर्ण फेऱ्या, त्रिज्या सारखी, बँक ६०च्या आत. वारा पाठीशी असताना बँक जास्त, तोंडावर कमी. तीन फेऱ्या होऊन १५०० फुटांच्या वर सुटायचं तर पुरेसं वर जाऊन सुरू करा. दर फेरीत क्षणभर थ्रॉटल उघडून इंजिन मोकळं करा.

पॉवर-ऑफ १८० मात्र चेकराईडला बऱ्याच जणांना पाडतं. धावपट्टीला समांतर उडताना, ठरवलेल्या बिंदूच्या शेजारी थ्रॉटल बंद. तिथून वळून त्या बिंदूवर किंवा त्यापुढे २०० फुटांच्या आत टेकायचं. एक फूटही अलीकडे नाही.

थ्रॉटल बंद झाल्याबरोबर ६८ नॉट, हा १७२एसचा ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगत उतरण्याचा) वेग. मग वाऱ्याचा विचार. उतरताना तोंडावर जोराचा वारा येणार असेल तर लगेच वळा. फ्लॅप (पंखांमागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्या) सगळ्यात शेवटी. एकदा दिले की परत घ्यायचे नाहीत. थोडं उंच राहा, कारण जास्तीची उंची स्लिपने (विमान मुद्दाम तिरकं सरकवून) मोडता येते, कमी पडलेली आणता येत नाही. १७२एसच्या पीओएचमध्ये २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅप असताना तीव्र स्लिप टाळा असं लिहिलंय, एलेव्हेटर थरथरू शकतो म्हणून. तेव्हा स्लिप आधी, पूर्ण फ्लॅप नंतर.

कमी पडतंय असं दिसलं की नोज वर करून ताणायचा मोह होतो. त्याने विमान आणखी लवकर खाली येतं. नोज खाली, वेग परत ६८, आणि जमिनीलगत आल्यावर काय ते बघा. सरावात पोचत नाही असं वाटलं तर थ्रॉटल उघडून गो-अराउंड करा (न टेकता पुन्हा वर चढा), त्यात कमीपणा नाही.

१०. स्टॉल आणि स्पिन

अ‍ॅक्सिलरेटेड स्टॉल ४५ अंशांच्या वळणात, मागे ठामपणे ओढून. चाहूल लागली की पहिली गोष्ट ओढ सोडणं. बाकी सगळं नंतर.

एफएए कमर्शियलला प्रत्यक्ष स्पिन (स्टॉल होऊन विमानाने गरगरत खाली जाणं) मागत नाही, तो फक्त इन्स्ट्रक्टरच्या परवान्यासाठी. तरी चांगल्या इन्स्ट्रक्टरबरोबर एकदा करून बघावा असं मला वाटतं. मात्र १७२एसमध्ये स्पिन युटिलिटी कॅटेगरीतच (कमी वजनाच्या मर्यादेतच) चालतो, आणि त्यासाठी वजन २२०० पौंडांच्या आत लागतं. टाक्या भरून दोन धट्टेकट्टे लोक बसले की ते बहुतेक ओलांडलं जातं. वजनाचा कागद करून मगच निघा. सुटकेचा क्रम पाठ हवा: पॉवर बंद, एलेरॉन मध्ये, फिरण्याच्या विरुद्ध रडर, योक पुढे.

११. चेकराईडची तयारी

एसीएसप्रमाणे परीक्षक स्टीप टर्न किंवा स्टीप स्पायरल यातलं एक, चँडेल किंवा लेझी एट यातलं एक, आणि एट्स ऑन पायलॉन्स घेतो. कुठलं निघेल याचा जुगार खेळू नका.

सापळे सांगते. इन्स्ट्रक्टरने तयारीची सही दिली की त्यामागचं प्रशिक्षण दोन कॅलेंडर महिन्यांच्या आतलं असावं लागतं. परीक्षकांच्या तारखा लांबत असतात, तारीख पुढे गेली तर पुन्हा उड्डाण आणि पुन्हा सही. दुसरं, तुमचा इन्स्ट्रक्टर स्वतः १५०० तासांकडे डोळे लावून बसलेला असतो. ते भरले की तो एअरलाइनकडे जाणार. त्याचे तास किती झालेत ते सहज विचारून ठेवा, आणि कुठलं मॅन्युव्हर कुठवर आलंय याची वही स्वतः ठेवा. म्हणजे नव्याने आलेला सगळं पहिल्यापासून तपासत बसणार नाही.

आदल्या दिवशी विमानाची कागदपत्रं स्वतः हाताळा: एअरवर्दीनेस, नोंदणी, पीओएच, वजनाचा तक्ता, वार्षिक तपासणी, १०० तासांची तपासणी, ट्रान्सपाँडरच्या तपासणीचे २४ महिने, ईएलटीच्या (अपघातात संकेत देणाऱ्या यंत्राच्या) तपासणीचे १२. लॉगमधल्या पानांना चिठ्ठ्या लावा. हवामान बिघडलं तर परीक्षा थांबवता येते, तो नापासाचा शेरा नव्हे. एखाद्या भागात नापास झालात तरी ६० दिवसांच्या आत सहसा फक्त राहिलेला भाग द्यावा लागतो.

१२. परतायचं असेल तर लॉगबुक

भारतात परवाना बदलून घेणाऱ्यांसाठी हे अगदी महत्त्वाचं. एफएएच्या नियमाप्रमाणे, तुमच्याकडे प्रायव्हेट आहे आणि विमान तुम्ही चालवताय तर इन्स्ट्रक्टर शेजारी असला तरी तो वेळ पीआयसी (विमानाचा मुख्य वैमानिक) म्हणून लिहिता येतो आणि ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबरचं शिक्षण) म्हणूनही. मॅन्युव्हर्सचे सगळे धडे असेच दोन्हीकडे चढतात. डीजीसीए मात्र इन्स्ट्रक्टरबरोबरचा वेळ ड्युअलच मानतं. त्यांना कमर्शियलसाठी २०० तास हवेत आणि त्यात १०० पीआयसी. अमेरिकन बेरजेवर विसंबून परत आलात तर इथे पीआयसीचे तास कमी पडतात, आणि ते भारतात भरून काढणं खिशाला परवडत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वेगळा रकाना आखा: विमानात मी एकटी किंवा इन्स्ट्रक्टरशिवाय. इन्स्ट्रक्टरने एकदा मॅन्युव्हर दाखवून पास केलं की सराव सोलो करा. शाळा परवानगी देते, आणि तोच तास दोन्ही देशांत मोजला जातो. प्रत्येक पानाची बेरीज शाईने, खाडाखोड न करता, इन्स्ट्रक्टरची सही आणि परवाना क्रमांकासह. शाळेचं प्रशिक्षणाचं पत्र, विमानांच्या नोंदणीची यादी आणि लॉगबुकच्या साक्षांकित प्रती निघण्याआधी हातात घ्या, आणि एफएएकडून परवान्याच्या पडताळणीचा अर्ज तिथूनच टाका.